रुग्णालयाची पुनर्बांधणी : हिशेब कोणाच्या बाजूने?



नवापूरचे रेल्वेस्थानक निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. प्रवाशाला या गोष्टीचे कौतुक वाटते. तालुक्यातील आदिवासी शेतमजुराला मात्र ही सीमा आजारपणात ओलांडावी लागते. येथील सरकारी रुग्णालयात उपचार झाले नाहीत तर व्यारा, आणि तेथेही भागले नाही तर सुमारे शंभर किलोमीटरवरचे सुरत, असा हा मार्ग आहे. जुन्या रुग्णालयांच्या पुनर्बांधणीची आणि आधुनिकीकरणाची मागणी करताना प्रथम हा प्रवास हिशेबात धरला पाहिजे.

सरकारी खर्चाचे दोन भाग असतात. इमारत आणि यंत्रसामग्री हा भांडवली खर्च. डॉक्टर-परिचारिकांचे पगार, औषधे आणि दुरुस्ती हा महसुली खर्च. पहिल्या खर्चाची कोनशिला बसते, उद्घाटन होते, ठेकेदाराचे बिल निघते. दुसऱ्याची कोनशिला नसते, म्हणून काटकसरीची कात्री नेहमी त्याच्यावर चालते. परंतु रुग्ण बरा होतो तो दोहोंच्या संयोगाने. अडलेल्या बाळंतिणीला वाचवायचे तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका, साठवलेले रक्त आणि वीज ही सर्व एकाच रात्री, एकाच छपराखाली हजर असावी लागतात. हे घटक परस्परपूरक आहेत. त्यांपैकी एक गैरहजर असला, की बाकीच्यांवर केलेला खर्च त्या रात्रीपुरता व्यर्थ जातो.

भूलतज्ज्ञाचे पद रिक्त ठेवून वाचवलेला पगार कोठे जातो? भाड्याची जीप, बुडालेली मजुरी, खासगी रुग्णालयाचे बिल आणि ते भागविण्यासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल, या रूपाने तो मजुराच्या खात्यावर चढतो. ती उचल फेडण्यासाठी कुटुंब दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाते. सरकारच्या वहीतली बचत अशा रीतीने झोपडीच्या वहीत कर्ज म्हणून उतरते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले, हे स्वागतार्हच आहे. पण जेथे उपचार होतच नाहीत, तेथे ते विनामूल्य असल्याने कोणाचा खर्च वाचणार?

योग्य जागी, योग्य वेळी केलेली गुंतवणूक काय करू शकते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या पुढाकाराने नंदुरबारमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये पहिला प्राणवायू प्रकल्प उभा राहिला. एप्रिल २०२१ मध्ये देशातील मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तडफडत असताना हा दुर्गम, साधनहीन जिल्हा पुष्कळ अंशी स्वतःच्या पायावर उभा होता. याच काळातला दुसरा दाखला भंडाऱ्याचा आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बालके दगावली. विशेष कक्ष उभारला म्हणजे आधुनिकीकरण पुरे होत नाही. विजेच्या तारांची तपासणी आणि अग्निसुरक्षा यांवर दरवर्षी पैसा खर्च करावा लागतो.

पैसा नाही, म्हणून खासगी भागीदार घ्यावा, असा सल्ला आता वारंवार दिला जातो. नीती आयोगाने २०२० मध्ये पुढे आणलेल्या मसुद्यात जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून खाटांची विभागणी नियंत्रित दराच्या आणि बाजारभावाच्या अशी करण्याची कल्पना होती. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, तेथे बाजारभावाच्या खाटेवर कोण झोपणार? नवापूर तालुक्यातच चिंचपाड्याचे मिशन रुग्णालय अनेक दशके सर्पदंशासह नाना व्याधींच्या रुग्णांची सेवा करीत आले आहे. त्या सेवेविषयी कृतज्ञ राहूनही हे सांगितले पाहिजे की, दुसऱ्याच्या सेवाभावावर नागरिकाचा हक्क उभा राहत नाही. तो शासनाच्या बांधिलकीवरच उभा राहतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ ‘नवी इमारत द्या’ एवढ्या घोषणेवर थांबू नये. इमारतीच्या मंजुरीबरोबरच पदांची मंजुरी व भरती, कर्मचाऱ्यांना राहण्याजोगी निवासस्थाने, रक्तसाठवण केंद्र, सिकलसेलची तपासणी व नियमित उपचार, आणि देखभालीसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र वार्षिक तरतूद, असे एकत्रित मागणीपत्र असावे. बांधकाम चालू असताना जुनी सेवा एक दिवसही बंद पडणार नाही, हेही लेखी घ्यावे. आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख ठेवण्याचा उपक्रम महाराष्ट्रात २००७ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावकऱ्यांनी जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उभे राहून जाब विचारण्याची ही परंपरा येथे आहे. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकांचे इतिवृत्त मागण्यापासून तिचा पुन्हा आरंभ करता येईल.

पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेला मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्येच मांडले होते. त्या तत्त्वाची कसोटी मुंबईच्या रुग्णालयांत लागायची नाही. रात्री दोन वाजता नवापूरच्या रुग्णालयाच्या दाराशी बैलगाडीतून वा जीपमधून उतरणाऱ्या बाईला आत घेतात, की पुढे पाठवितात, यावरच ती लागेल.