जुन्या कपड्यांचा बाजार



दारावर बोहारीण आली म्हणजे घरोघरीं काय रंग भरतो, तें आपणांस ठाऊक आहे. तीन लुगडीं नि एक कोट देऊन एक पातेलें! ती कोटाचें अस्तर उलटून पाहते, वर आणखी एक सदरा मागते; आपण तिला लोभी ठरवितों. पण तोच कोट पुढें धुतला-शिवला जाऊन बाजारांतल्या ढिगावर येतो.

आमच्या वाशीम जिल्ह्यांत सोयाबीनचा हंगाम सरतो न सरतो तोंच थंडी दाराशीं येते. अशा दिवसांत मजुरीवर जाणारी बाई त्या ढिगापाशीं बसते. शिवण ओढून पाहते, कॉलर झिजली म्हणून भाव पाडते, उठून चालूं लागते, आणि हांक येतांच परतते.

इराणांतील मशहद शहरीं 2015 सालीं भिंतीला खुंट्या ठोकून गरजूंसाठीं कपडे टांगण्यांत आले. आपल्याकडेहि अशी ‘माणुसकीची भिंत’ गांवोगांवीं उभी राहिली. हेतु थोर खरा. परंतु भिंतीवरचा सदरा उचलतांना माणूस आधीं इकडेतिकडे पाहतो. ढिगापाशीं घासाघीस करणारी बाई कोणाकडेहि पाहत नाहीं. ती गिऱ्हाईक असते. ऑक्सफर्डला 1942 सालीं निघालेली ऑक्सफॅम ही धर्मादाय संस्थाहि दान आलेले कपडे आपल्या दुकानांतून किंमत लावूनच विकते. ती कमाई संस्थेच्या कार्यासाठीं असते, हें वेगळें.

तेव्हां जुने कपडे धुऊन द्या. आणि कृपा करून बटणें कापून ठेवूं नका. त्या बाईला पांच बटणें नवीं घ्यावीं लागलीं, तर तिनें मोठ्या हिकमतीनें पाडलेला भाव फुकट जातो.