मानव्यविद्या शाखेतील अभ्यागत प्राध्यापक : पाहुणा कोण आणि यजमान कोण?

(बंगळूर येथे मराठी भाषक अध्यापक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यापीठात बाहेरून येऊन शिकविणाऱ्या विद्वानाचा प्रश्न बंगळूरमध्ये चर्चेला घ्यायचा, तर आरंभ १९३५ पासून करावा लागतो. त्या वर्षी मॅक्स बॉर्न हे जर्मन पदार्थवैज्ञानिक येथील भारतीय विज्ञान संस्थेत आले. १९३३ साली नाझी राजवटीने ज्यू प्राध्यापकांविरुद्ध कायदा केला आणि गटिंगेन विद्यापीठातील त्यांचे आसन गेले. संस्थेचे संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना काही महिन्यांसाठी बोलाविले. बॉर्न यांचे काम पाहून त्यांना कायमचे प्राध्यापकपद द्यावे, असा प्रस्ताव रामन यांनी मांडला. संस्थेच्या सभेत एक इंग्रज प्राध्यापक उठले आणि म्हणाले की, स्वतःच्या देशाने हाकलून दिलेला दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस या संस्थेला पुरेसा नाही. ही हकीकत बॉर्न यांनीच पुढे लिहून ठेवली आहे. म्हणणारा स्वतः या भूमीत परदेशीच होता, याचे भान त्या सभेत कोणाला झाले की नाही, हे कळावयास मार्ग नाही. बॉर्न १९३६ साली एडिंबरोस गेले. १९५४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रामन यांनाही १९३७ साली संचालकपद सोडावे लागले.

हे उदाहरण विज्ञानाचे आहे, मानव्यविद्यांचे नव्हे, असा आक्षेप येईल. परंतु त्यातून निघणारा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. पाहुणा किती मोठा, यापेक्षा त्याला बोलाविणारी संस्था कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याने आणलेले ज्ञान रुजविण्याची तिची तयारी आहे की नाही, यावर सर्व काही अवलंबून असते. वसाहतवादी सत्तेच्या छायेतील संस्थेत रामन यांच्यासारख्या संचालकालाही हा निर्णय घेता आला नाही.

मानव्यविद्यांच्या विभागाला तर पाहुण्याची गरज अधिकच असते. प्रयोगशाळेतील चूक उपकरणच दाखवून देते. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र या विषयांत मात्र एकाच गुरूचे शिष्य त्याच विभागात अध्यापक होतात, त्याच टिपणांवरून शिकवितात, त्याच प्रश्नपत्रिका काढतात, आणि पंचवीस वर्षे कोणाला काही खटकत नाही. बाहेरून आलेला अभ्यासक दुसऱ्या दप्तरखान्यात बसलेला असतो. त्याने दुसऱ्या भाषेतील साधने वाचलेली असतात आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विभागातील जातीचे व गटाचे लागेबांधे त्याच्या मानेवर नसतात. जो प्रश्न विचारणे स्थानिक अध्यापकाला महागात पडते, तो पाहुणा सहज विचारून जातो.

मराठी वाचकाला याचे उत्तम उदाहरण दूर शोधावयास नको. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाचा धर्म समजून घेण्यासाठी घर सोडून निघाले आणि नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे फिरत पाली शिकले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले, आणि अट घातली ती महाराष्ट्रात राहून लेखन करण्याची. ते त्यांनी पत्करले. १९१० साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हेन्री वॉरन यांनी हाती घेतली होती, पण ती त्यांच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली होती. तीच सिद्ध करण्याचे हे काम होते. ब्रह्मी, सिंहली पाठांशी ज्याचा प्रत्यक्ष परिचय आहे असा माणूस केंब्रिज गावात दुसरा कोण असणार? तरीही ग्रंथावर श्रेय कोणाचे, या मुद्द्यावर प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचे पटले नाही आणि १९१२ साली ते परत आले. पुढे ते पुन्हा पुन्हा तेथे गेले. ती आवृत्ती अखेर १९५० साली प्रसिद्ध झाली. कोसंबी त्यापूर्वी तीन वर्षे, १९४७ साली, निवर्तले होते.

या प्रकरणाकडे केवळ एका तऱ्हेवाईक अमेरिकन पंडिताच्या हट्टाची गोष्ट म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. पाहुण्याचे श्रम आणि यजमानाचे नाव, हा ज्ञानाच्या क्षेत्रातील मालकीसंबंधाचाच एक प्रकार आहे. हस्तलिखिते, छापखाना, ग्रंथमालेचा निधी ज्याच्या हाती, त्याचे नाव मुखपृष्ठावर. ज्याच्या डोक्यात आणि डोळ्यांत ते पाठ होते, तो ‘साहाय्यक’. आजही परदेशी विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पात येथील अभ्यासक मुलाखती घेतो, भाषांतर करतो आणि आभाराच्या पानावर शेवटच्या ओळीत सापडतो.

परंतु त्याच कोसंबींनी १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविले, तेव्हा काय घडले ते पाहावे. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि महाराष्ट्रात पाली-बौद्ध अध्ययनाची परंपरा उभी राहिली. हार्वर्डला ते येऊन-जाऊन असलेले पाहुणे होते. पुण्यात त्यांना सहा वर्षे आणि नियमित वर्ग मिळाला. विद्वान तोच, फळ मात्र वेगळे. १९२९ साली ते सोव्हिएत संघात लेनिनग्राडला बौद्ध अध्ययनासाठी गेले आणि परतल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेले. विद्वत्तेला सार्वजनिक जीवनापासून तोडणाऱ्यांना हे अवघड जाते.

पाहुण्यांच्या येण्याजाण्यामागे साम्राज्यवादी राजकारण असते, हेही विसरता येत नाही. अमेरिकेने पीएल-४८० खाली भारताला धान्य विकले आणि त्याचे रुपये येथेच साठले. त्या रुपयांतून ३० कोटी डॉलर किमतीचे इंडो-अमेरिकन शैक्षणिक प्रतिष्ठान स्थापण्याची योजना १९६६ साली पंतप्रधान इंदिरा गांधींच्या अमेरिका भेटीच्या वेळी जाहीर झाली. संशोधनाचे विषय कोण ठरविणार, हा प्रश्न डाव्या पक्षांनी आणि अनेक स्वाभिमानी अध्यापकांनी उपस्थित केला. योजना बारगळली. तो विरोध अमेरिकन विद्वानांना नव्हता. धान्याच्या पैशातून भारतीय विद्यापीठाची कार्यसूची लिहिली जाण्याला होता. हा भेद तेव्हाही पुष्कळांनी मुद्दाम झाकला.

आता बंगळूरकडे. १९६४ साली बंगळूर विद्यापीठ स्थापन झाले. १९७२ साली व्ही. के. आर. व्ही. राव यांनी सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था उभारली आणि दिल्लीहून एम. एन. श्रीनिवास यांच्यासारखा समाजशास्त्रज्ञ येथे आला. पुढे राष्ट्रीय विधि विद्यालय आले, १९८८ साली राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आली. या संस्थांचे काम मोलाचे आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु संशोधन संस्थेत आणि अध्यापन विद्यापीठात, अशी जी विभागणी देशभर झाली, तिचा एक परिणाम असा की, बाहेरचा नामवंत अभ्यासक संस्थेच्या सभागृहात चर्चासत्र घेऊन जातो आणि ज्ञानभारती परिसरातील किंवा एखाद्या शासकीय पदवी महाविद्यालयातील शेतमजुराच्या मुलीला तो आल्याचे कळतही नाही. दोन्ही ठिकाणे नागरभावीच्या परिसरात शेजारी शेजारी आहेत. अंतर रस्त्याचे नाही.

त्या मुलीच्या वर्गात जो पाहुणा येतो, तो निराळाच. कर्नाटकात त्याला ‘अतिथी उपन्यासक’ म्हणतात. मराठी कानाला हा कोणी कादंबरीकार वाटेल; कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान. हा अतिथी त्याच महाविद्यालयात दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे शिकवितो. इतिहास, कन्नड, राज्यशास्त्र या विषयांचे पुष्कळसे तास तोच घेतो. तिथीची वाट न पाहता येतो तो अतिथी, अशी जुनी व्युत्पत्ती सांगतात. याची तिथी मात्र पक्की ठरलेली असते : सत्र संपले की सेवा संपली. सुट्टीचे वेतन नाही, अभ्यासमंडळात जागा नाही. महाराष्ट्रात ‘तासिका तत्त्व’ या नावाखाली हेच चालते. तेथील अध्यापक दोन-दोन महाविद्यालयांत तास घेऊन एस. टी. ने घरी परततो आणि मानधनाची वाट पाहत बसतो.

२०२१ च्या अखेरीस कर्नाटकातील शासकीय महाविद्यालयांतील या अध्यापकांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. तेव्हा त्यांना महिना ११ ते १३ हजार रुपये मिळत होते. २०२२ च्या जानेवारीत शासनाने ते पात्रता व सेवाकालानुसार २६ ते ३२ हजारांवर नेले. हा लढ्याचाच विजय होता, यात शंका नाही. परंतु त्याच आदेशाने आठवड्याचे आठ-दहा तास पंधरावर नेले. पूर्वी तीस तासांना तीन माणसे लागत. आता दोन पुरेशी झाली. एकाच्या ताटात वाढताना दुसऱ्याचे ताट काढून घ्यावयाचे आणि दोघांत भांडण लावून द्यावयाचे, ही मालकवर्गाची युक्ती गिरणी कामगार पुरती ओळखतो. प्राध्यापकवर्गाला ती ओळखावयास वेळ लागला. २०२३ च्या अखेरीस पुन्हा आंदोलन पेटले ते सेवेत कायम करण्याच्या मागणीवर, आणि २०२४ च्या आरंभी अध्यापक तुमकूरहून बंगळूरकडे पायी निघाले.

याच काळात वरच्या मजल्यावर दुसऱ्या पाहुण्याची सोय चालू होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही नेमणूक आणली. पदवी किंवा संशोधननिबंध नसले तरी चालतील, पंधरा वर्षांचा व्यावसायिक अनुभव हवा. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतील. साहित्य, ललित कला, सामाजिक शास्त्रे यांचाही त्यात उल्लेख आहे. तत्त्वतः यात वाईट काही नाही. पदवी नसलेले धर्मानंद आज असते, तर त्यांना याच दाराने यावे लागले असते. विणकर संघटनेचा कार्यकर्ता अर्थशास्त्राच्या वर्गात आला, यल्लम्माचे चौंडके वाजविणारी बाई साहित्याच्या वर्गात आली, तर वर्ग शहाणाच होईल. परंतु या नेमणुकीचा एक प्रकार उद्योगांच्या पैशावर चालणारा आहे, असे मार्गदर्शक तत्त्वांतच लिहिले आहे. चौंडकेवालीचा खर्च कोणता उद्योगसमूह उचलणार आहे? ही पदे मंजूर पदांव्यतिरिक्त असतील, असे आश्वासन आहे. मंजूर पदेच वर्षानुवर्षे रिकामी राहिली, तर त्या आश्वासनाला अर्थ किती उरतो, हे प्रत्येक विभागाचे वेळापत्रक सांगेल.

कायद्याची बाजू कमकुवत नाही. कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसाव्यात आणि वेतन नियमित सहायक प्राध्यापकाहून कमी नसावे, असे आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतच आहे. २०१९ साली आयोगाने अतिथी अध्यापकासाठी दर व्याख्यानास १,५०० रुपये आणि महिन्यास कमाल ५०,००० रुपये असा दर ठरविला. कर्नाटकातील २६ ते ३२ हजारांचे आकडे त्याशेजारी ठेवून पाहावेत. २०२५ च्या जानेवारीत प्रसृत झालेल्या मसुद्यात दहा टक्क्यांची मर्यादाच वगळलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणी देण्याचा आदेश दिला आणि समारंभात गुरुवंदनेचे श्लोक म्हणून भागत नाही, अशा अर्थाचे खडे बोल सुनावले. कन्नड किंवा इतिहास शिकविणाऱ्याने हा निकाल आपला नव्हे असे समजण्याचे कारण नाही.

तेव्हा अध्यापक संघटनांत काम करणाऱ्या पक्षसभासदांपुढे प्रश्न ‘अभ्यागत हवा की नको’ असा नाही. काही तरुण साथी चिडून सर्वच पाहुण्यांच्या नेमणुकांना विरोध करू लागले आहेत. तो संताप समजण्यासारखा असला तरी भूमिका चुकीची आहे. मंजूर पदे आधी भरली जावीत, दीर्घकाळ शिकवीत असलेल्यांना त्यांत प्राधान्य मिळावे, आणि त्यानंतर अभ्यागत प्राध्यापक जरूर यावा. तो किमान एक पूर्ण सत्र राहावा. त्याने पदव्युत्तर वर्गाबरोबर पदवीच्या वर्गालाही, आणि शक्य तेथे दुभाष्याच्या साहाय्याने, शिकवावे. त्याच्याबरोबर झालेल्या कामावर स्थानिक सहकाऱ्याचे नाव बरोबरीने यावे. त्याची निवड विभागाच्या सभेत व्हावी आणि त्या सभेत अतिथी अध्यापकालाही मत असावे.

ही शेवटची मागणी अनेक ठिकाणी हसण्यावारी नेली जाते. जो दहा वर्षे तोच अभ्यासक्रम शिकवीत आहे, त्यालाच विभागाच्या सभेच्या वेळी दाराबाहेर बाकावर बसविले जाते, आणि आत ठरते की या वर्षी कोणाला पाहुणा म्हणून बोलवावे.