विश्वासघातानंतर: कॉरी टेन बूम यांची साक्ष

दुःख का आले याचे उत्तर देण्यापेक्षा, ते भोगणाऱ्याने पुढे काय करायचे हे ख्रिस्ती श्रद्धा अधिक आग्रहाने सांगते. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाला त्याचे भाऊच विकतात आणि पुढे दुष्काळात तोच त्यांना धान्य पुरवतो. भावांचा हेतू वाईटच होता, हे तो त्यांच्या तोंडावर सांगतो. त्यातूनच देवाने अनेकांचे प्राण वाचवले, हेही सांगतो. प्रवचनांतून बहुधा ही दुसरी गोष्टच ऐकू येते आणि पहिली गळून पडते. नेदरलँड्सच्या कॉरी टेन बूम यांच्या आयुष्यात मात्र दोन्ही शेजारी शेजारी दिसतात.

हार्लेम शहरात टेन बूम घराण्याचे घड्याळांचे दुकान १८३७ पासून होते. कॉरींचा जन्म १८९२ चा. १९२२ मध्ये त्या आपल्या देशातल्या पहिल्या परवानाधारक महिला घड्याळजी झाल्या. वृद्ध वडील कास्पर, थोरली बहीण बेट्सी आणि त्या दुकानाच्या वरच राहत. १९४० मध्ये जर्मन फौजा देशात शिरल्या आणि पुढे यहुदींची धरपकड सुरू झाली, तेव्हा या घराने लपणाऱ्यांना आसरा दिला. वरच्या मजल्यावर कॉरींच्या खोलीत विटांची खोटी भिंत उभारली गेली. कपाटाच्या तळाशी असलेली फळी सरकवून तिच्यामागे सरपटत जायचे. आत जेमतेम उभे राहण्यापुरती जागा. धोक्याची घंटा वाजली की काय करायचे याची तालीम होत असे. त्यात गाद्या उलटवणेही आले, कारण अंथरुणातली ऊब हाताला लागली तरी माणूस नुकताच उठून गेल्याचे कळले असते.

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी एक डच माणूस दुकानात आला. यहुदींना मदत केली म्हणून बायकोला अटक झाली आहे, तिला सोडवायला सहाशे गिल्डर हवेत, अशी त्याची विनवणी होती. कॉरी तापाने फणफणत होत्या. तरीही त्यांनी पैशांची व्यवस्था करण्याचे कबूल केले. तो खबऱ्या होता. त्याच दिवशी धाड पडली आणि सुमारे तीस माणसे पकडली गेली. भिंतीआडचे सहा जण पोलिसांना सापडले नाहीत. घरावर पहारा असताना जवळजवळ दोन दिवस ते आतच राहिले आणि मग त्यांची सुटका झाली. ८४ वर्षांचे कास्पर मात्र दहा दिवसांत कैदेतच वारले. घात करणारा परका नव्हता, देशबांधव होता. आणि ज्या घराचा दरवाजा दयेपोटी उघडा होता, त्याला त्याने दयेचीच याचना करून फसवले. यहूदाने चुंबनाची खूण करून येशूला धरून दिले. त्या प्रसंगाची आठवण ख्रिस्ती वाचकाला इथे झाल्यावाचून राहत नाही.

अटकेनंतर नेदरलँड्समधल्याच फुख्तच्या छळछावणीत असताना कॉरी आणि बेट्सी या दोघी बहिणींना खबऱ्याचे नाव कळले. तो समोर असता तर आपण त्याचा जीव घेतला असता, असे कॉरींनी पुढे आडपडदा न ठेवता सांगितले. बेट्सी त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. इतके मोठे पाप उरावर घेऊन तो किती तळमळत असेल, असे तिला वाटे. या फरकामुळेच कॉरींची साक्ष विश्वासार्ह वाटते. क्षमा त्यांच्या स्वभावात नव्हती.

सप्टेंबर १९४४ मध्ये दोघींना जर्मनीतल्या राव्हेन्सब्रुक छळछावणीत नेण्यात आले. तिथल्या खचाखच भरलेल्या बराकीत पिसवांचा सुळसुळाट होता. सर्व परिस्थितीत देवाचे आभार मानावेत, या पौलाच्या शिकवणीला धरून बेट्सीने पिसवांबद्दलही आभार मानले. कॉरींना हे अतीच वाटले. पुढे उलगडा झाला की, पिसवांच्या भीतीने पहारेकरी आत पाऊल टाकत नव्हते आणि म्हणूनच चोरून आणलेल्या बायबलचे वाचन तिथे बिनधोक चाले. हा प्रसंग भाविकांत फार लोकप्रिय आहे, पण तो अर्धाच सांगितला तर सौदा वाटू लागतो. आभार मानणारी बेट्सी १६ डिसेंबरला त्याच छावणीत वारली. कॉरींची सुटका महिनाअखेर झाली, तीही कारकुनी चुकीमुळे, असे त्यांना मागाहून समजले.

युद्धानंतर छावणीतून परतलेल्या माणसांना सावरायला घर हवे, हे बेट्सीचे स्वप्न होते. ब्लूमेंडाल इथे कॉरींनी तसे घर चालवले. नाझींना साथ दिलेल्या आणि आता समाजाने वाळीत टाकलेल्या डच लोकांनाही त्यांनी थारा दिला. पीडितांना आणि त्यांना एका छपराखाली नांदवणे जमले नाही, तेव्हा त्यांची सोय हार्लेमच्या जुन्या घरात झाली. खबऱ्यालाही कॉरींनी पत्र लिहून क्षमा कळवली. १९४७ मध्ये म्युनिकला क्षमेवर बोलून झाल्यावर राव्हेन्सब्रुकचा एक माजी पहारेकरी हात पुढे करून समोर आला. कॉरींचा हात उठेना. मनात उमाळा नसताना, केवळ आज्ञा म्हणून त्यांनी प्रार्थना केली, हात दिला, आणि प्रेम मागून आले. क्षमा ही भावना नसून इच्छाशक्तीचे कर्म आहे, हा त्यांचा सिद्धान्त या अनुभवातून आला. तरी पुढे ख्रिस्ती स्नेह्यांनीच दुखावले, तेव्हा त्या स्नेह्यांची पत्रे कॉरींनी पुरावा म्हणून जपून ठेवली होती. एका मित्राने टोकल्यावर ती जाळली.

या साक्षीची मर्यादाही स्पष्ट आहे. नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० यहुदींपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. भिंतीआडून सुटलेली एक यहुदी स्त्रीही पुढे रस्त्यात पकडली गेली आणि परतली नाही. टेन बूम कुटुंबाला आपल्या यातनांत देवाचा हेतू दिसला, म्हणून तोच हेतू या मृत्यूंना चिकटवता येत नाही. कॉरी बोलल्या त्या स्वतःच्या कैदेबद्दल, बहिणीच्या मरणाबद्दल आणि स्वतःच्या द्वेषाबद्दल. १९६७ मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला, तो मात्र या साक्षीसाठी नव्हता; यहुदींना घरात लपवण्यासाठी जीव धोक्यात घातला, यासाठी होता.