मोबाइलमधला साक्षीदार

आपल्या देवळा भागात उन्हाळ कांदा चाळीत पडला, की घरोघर एकच विषय असतो : भाव. उमराण्याच्या बाजारात माल नेला तर हिशेबपट्टी हाती पडते. पण खळ्यावरच सौदा झाला तर कागद कुठला? असतो तो मोबाइलवरचा एक संदेश.

असाच एक शेतकरी मागे माझ्याकडे आला. व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर भाव कळवला, माल उचलला, अन् पैशाच्या वेळी कानांवर हात ठेवले. मी म्हटले, "भाऊ, तो संदेश कुठे आहे?" त्याने संदेशाचे छापलेले चित्र पुढे केले. फोन मात्र मोडीत देऊन नवा घेतला होता. माणूस खरा, पण साक्षीदार घालवून बसलेला!

मोबाइलवरचा मजकूर कोर्ट मानते का? मानते. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात 2000 साली तशी तरतूद झाली. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला; त्याच्या 63 व्या कलमातही ती आहे. अट एवढीच, की नक्कल हजर करायची तर सोबत प्रमाणपत्र हवे. नव्या नमुन्यात एका भागावर पक्षकाराची सही असते, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. शिवाय त्यात 'हॅश' नावाचा आकडा लिहावा लागतो. तो त्या नोंदीच्या अंगठ्याचा ठसाच समजा. एक अक्षर बदलले, तरी ठसा बदलतो.

ही अट किती मोलाची, ते जालन्याच्या खटल्याने दाखवले. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे, की खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर आला. निवडणूक कार्यालयातले चित्रण त्याला पुरावा होते. प्रमाणपत्र मात्र अधिकारी वारंवार मागूनही देईनात. उच्च न्यायालयाने 2017 मध्ये निवडणूक रद्द ठरवली. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. न्यायालय म्हणाले, नकलेला प्रमाणपत्र हवेच. पण ज्याने शक्य ते सारे केले, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. आणि मूळ यंत्रच घेऊन त्याचा मालक साक्षीला उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

यातून आपण काय घ्यावे? तंटा दिसू लागला की तो फोन विकू नका, मोडीत देऊ नका. संभाषण पुसू नका. आपल्या सोयीचे एकच वाक्य नव्हे, तर तारखांसह सगळे ठेवा. दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण हवे असेल तर लगेच लेखी मागा, कारण जुन्यावर नवे चढत जाते. मागणीच्या अर्जाची पोच जपा. जालन्यात अशा मागण्यांच्या नोंदीच कामी आल्या. आणि वकिलाला पहिल्याच भेटीत फोन दाखवा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात लोक कागद वाचून घ्यायला तुमच्याकडे येतात. त्यांना हेही सांगा. आजोबांनी हातचिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत जपल्या. नातवाने फोन तसाच जपावा. पेटी बदलली, जपणूक तीच.