रायन व्हाइटच्या दोन शाळा



रायन व्हाइट या अमेरिकन मुलाचे आज स्मरण करू या. त्याला जन्मतः हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आनुवंशिक विकार होता. उपचारातील रक्तघटकांतूनच त्याला एचआयव्हीची लागण होऊन एड्स झाला. डिसेंबर १९८४ मध्ये, तेराव्या वर्षी, निदान झाले आणि शाळेने त्याला वर्गात येण्यास मनाई केली. १९८७ मध्ये कुटुंब सिसेरो गावी गेले. तेथील शाळेने विद्यार्थ्यांना आधीच शास्त्रीय माहिती दिली होती; त्यांनी हस्तांदोलन करून त्याचे स्वागत केले. ८ एप्रिल १९९० रोजी, अठराव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

आजार तोच होता. फरक माहितीचा होता. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल यांचा समावेश आहे. मात्र अशा मुलाला वर्गात निर्धास्त बसता यावे, म्हणून गावाला आधी माहिती देणे हे शिक्षक व पंचायत सदस्यांचेच कर्तव्य आहे.