‘तिलावा’ आणि तिच्यावरची माणसे

आगबोट बुडाल्याची गोष्ट निघाली की आपल्याकडे ‘रामदास’ आठवते. १९४७ च्या जुलैत रेवसला जाताना ती बुडाली, आणि कोकणात तिची आठवण अजून निघते. तिच्या सुमारे पाच वर्षे आधी मुंबईहूनच निघालेली दुसरी एक बोट हिंदी महासागरात नाहीशी झाली. तिचे नाव ‘तिलावा’. तिला वादळाने नाही, पाणबुडीने बुडवले. आणि तिचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही.

ब्रिटिश इंडिया कंपनीची, दहा हजार टनांची ही बोट १९२४ साली इंग्लंडात बांधलेली. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मोंबासा, लोरेन्सो मार्केस आणि डर्बनसाठी निघाली. उतारू ७३२, खलाशी व नोकर २२२, आणि तोफेवरचे ४. एकूण ९५८ माणसे. उतारू बहुतेक आपल्याच देशातले. कुणी व्यापारी, कुणी तिकडे कामाला असलेल्या नवऱ्याकडे निघालेली बाई, बरोबर मुले. युद्ध चालू होते, तरी पोट आणि संसार थोडेच थांबतात? सोबतीला एकही लढाऊ जहाज नव्हते.

शिक्षकांनी नकाशा काढावा. उत्तर अक्षांश ७ आणि पूर्व रेखांश ६१ च्या आसपास बोट ठेवा. चहूकडे शेकडो मैल नुसते पाणी. तिथे २३ नोव्हेंबरच्या रात्री, दोनच्या सुमारास, ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो तिलावावर आदळला. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या यंत्राने धावत येणारा स्फोटक बाण. माणसे झोपेतून उठून होड्यांकडे धावली. काही होड्या उलटल्या. त्या वेळच्या अहवालांत ‘गोंधळ उडाला’ असे लिहिले आहे, जरा रागानेच. अंधारी रात्र, कडेवर पोर, आणि पायाखालची जमीन कललेली! गोंधळ उडाला नसता तरच नवल.

बोट मात्र लगेच बुडेना. धीर येऊन काही लोक पुन्हा तिच्यावर चढू लागले. एवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला, आणि ती गेली. बिनतारी यंत्रावरचा मुख्य अधिकारी शेवटपर्यंत संदेश पाठवत राहिला. तो बोटीबरोबरच गेला. उरलेले होड्यांत आणि तराफ्यांवर दोन दिवस तरंगत होते. २५ तारखेला ‘बर्मिंगहॅम’ ही युद्धनौका आली, तिने बहुतेकांना उचलले आणि २७ ला मुंबईस आणले. ६७८ वाचले. २८० परतले नाहीत.

याच ‘आय-२९’ ने पुढच्या एप्रिलात, मादागास्करजवळच्या समुद्रात, नेताजी सुभाषचंद्रांना जर्मन पाणबुडीतून आपल्यात घेतले आणि सुमात्राच्या सबांग बंदरात पोचवले. ती गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण पाणबुडी तीच, हे मुलांना सांगताना गाळू नये. युद्धाचा हिशेब असा सरळ दोन रकान्यांत मांडता येत नाही. १९४४ च्या जुलैत अमेरिकन पाणबुडीने तिलाही बुडवले.

आणखी एक. तिलावावर २,३६४ चांदीच्या लगडी होत्या, सुमारे ६० टन. म्हणजे दहा-दहा टनांच्या सहा मालमोटारी भरून. दक्षिण आफ्रिकेने नाणी पाडण्यासाठी घेतलेली चांदी ती. २०१७ साली एका ब्रिटिश कंपनीने ती सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून, यंत्रांच्या साहाय्याने, वर काढली. मग मोबदल्यावरून खटला उभा राहिला. तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल लागला. लगडीन् लगड मोजलेली होती.

माणसांची आठवण मात्र घराघरांतच राहिली. मेलेल्यांची आणि वाचलेल्यांची नावे गोळा करण्याचे काम त्यांच्याच नातवंडांनी हाती घेतले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत त्यांची स्मरणसभा भरली. बोट बुडाल्याला त्या दिवशी ८० वर्षे झाली होती, आणि चांदी वर येऊन पाच.