ठरावाच्या वहीतील पाणी

(बौद्ध कुटुंबांच्या तालुका मेळाव्यात केलेले भाषण)



धम्मावर बोलावयास येथे माझ्याहून अधिकारी मंडळी बसलेली आहेत. मी वकील आहे. माझे आयुष्य सात-बाराचे उतारे आणि ठरावांच्या नकला वाचण्यात चालले आहे. जमिनीची धूप थांबविण्याची आणि पाणी अडविण्याची जी कामे आपल्या गावात सरकारी पैशाने होतात, त्यांवर गावाने देखरेख कशी ठेवावयाची, एवढ्याच गोष्टीविषयी मी आपणाशी बोलणार आहे. विषय रुक्ष आहे खरा. परंतु ज्यांना तो रुक्ष वाटतो त्यांनी महाडची हकीकत पुन्हा एकदा आठवावी.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा तो ठराव होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला आणि वहीत राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या अनुयायांसह त्या तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, आणि मग त्या ठरावाची किंमत काय ती उघड झाली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव आपणच मागे घेतला. पुढे दिवाणी दावा चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला. वकिलाच्या नजरेने तो दावा वाचला म्हणजे ध्यानात येते की, न्यायालयात भांडण तहानेचे नव्हते. तळे कोणाच्या मालकीचे आणि तेथील वहिवाट किती जुनी, यावर ते चालले होते. पाण्याचा प्रश्न शेवटी कागदावर येऊन ठेपतो तो असा.

आज घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी व तळी सर्वांस खुली आहेत, आणि १९५५ व १९८९ चे कायदे आपल्या पाठीशी आहेत. तरीही कित्येक ठिकाणी आपणास विहिरीवर अडविले जाते. तेथे आपण फिर्याद द्यावीच. परंतु ज्या अडवणुकीबद्दल मला बोलावयाचे आहे ती निराळी आहे. तीत कोणी हात धरीत नाही, कोणी शिवी देत नाही. केवळ बंधाऱ्याची जागा दुसरीकडे निवडली जाते.

माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावच्या पाझर तलावावर माती वाहिली. पाझर तलाव म्हणजे काय, हे आपणास ठाऊकच आहे. त्यातून पाट निघत नाही. अडलेले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना फुटते. त्या अंगाला ज्याची जमीन, त्याचे पाणी. आमची तेथे जमीन नव्हती. तलाव भरला, खालच्या विहिरी भरल्या, तेथे ऊस उभा राहिला, आणि आजी त्याच उसाच्या खुरपणीस रोजाने जाऊ लागली. तिला याचे वाईट वाटल्याचे मला आठवत नाही. “काम मिळालं, पोरं जगली,” एवढेच ती म्हणे, आणि त्यात खोटे काही नव्हते. महाराष्ट्राच्या रोजगार हमीने माणसे जगविली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याचा हक्क या देशात प्रथम येथे कायद्यात लिहिला गेला, याचा मला अभिमान वाटतो. परंतु मजुरी त्या आठवड्यात मिळते आणि त्याच आठवड्यात संपते. तलाव पन्नास वर्षे राहतो.

असे होणे अटळ होते काय? मुळीच नाही. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी त्याच दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर ठरत नसे. घरातील माणसे मोजून ठरे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, आणि एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाही. ऊस लावावयाचा नाही. भूमिहीनासही वाटा द्यावयाचा. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जावयाचा नाही. हरियाणातील सुखोमाजरी गावानेही त्याच दशकात भूमिहीन घरांना पाण्यात वाटेकरी केले. सार्वजनिक पैशाने अडविलेले पाणी जमिनीच्या मागे न जाता माणसाच्या मागे जाऊ शकते, हे अशा रीतीने पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. आपल्या गावात ते तसे का जात नाही, हे आपण विचारावयाचे आहे; आणि ते कोठे विचारावयाचे, हाच देखरेखीचा प्रश्न होय.

२४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची जोडली. तिच्यात २९ विषय आहेत. दुसऱ्या क्रमांकाला जमीन सुधारणा व मृद्संधारण, तिसऱ्याला लघुपाटबंधारे, पाणी व्यवस्थापन व पाणलोट विकास. म्हणजे हे विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगे आहेत, असे घटनाच सांगते. प्रत्यक्षात मात्र कामे वाटली गेलेली आहेत. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे लघुपाटबंधारे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याच्या खात्यांकडे. शिवारातील बांधबंदिस्ती कृषी खात्याकडे. डोंगरावरचे चर बहुधा वनखात्याकडे. तक्रार घेऊन गेलेला मनुष्य या दारातून त्या दारात फिरतो, आणि प्रत्येक दारी त्यास ‘हे आमच्याकडे नाही’ एवढेच ऐकावयास मिळते. त्यात मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे तेथे प्रशासक बसले. सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा लोकनियुक्त सभासदच उरला नाही. त्या काळात एक जागा तेवढी शिल्लक होती, ती ग्रामसभा.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याने विकासयोजना हाती घेण्यापूर्वी तीस ग्रामसभेची मान्यता लागते. वर्षातून निदान चार सभा झाल्याच पाहिजेत, आणि सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे लागतात. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेस गणपूर्ती लागत नाही! बंधूंनो, पुष्कळ गावांची मर्जी कोठे ठरते ते आपण येथे पाहावे. पहिल्या सभेस कोणी जात नाही, दुसरीस पाच-सात माणसे बसतात, आणि वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ असे उतरते.

माझ्याकडे एका वस्तीचे लोक आले होते. गावाचे नाव मी सांगत नाही. वस्तीच्या ओढ्यावर सिमेंटचा बंधारा होणार, तिची विहीर जिवंत होणार, असे त्यांस सांगण्यात आले होते. बंधारा झालाही, पण अर्धा कोस वर, एका बागाईतदाराच्या बांधाला लागून. वस्तीची विहीर कोरडीच राहिली. आम्ही कागद मागविले. अंदाजपत्रकात काम ‘बौद्ध वस्तीनजीक’ असेच लिहिलेले होते. मोजमाप पुस्तिकेत गट क्रमांक होता, आणि तो वस्तीचा नव्हता. मग जागा बदलली केव्हा? ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नकल काढली, तेव्हा तीत जागा बदलण्याचा ठराव सापडला, आणि त्याखाली उपस्थितांच्या सह्यांत आमच्याच वस्तीतील अकरा जणांच्या सह्या होत्या. सह्या खऱ्या होत्या. सभा होऊन दोन दिवसांनी ग्रामपंचायतीचा शिपाई वही घेऊन घरोघर फिरला होता, आणि आपल्या माणसांनी न वाचता सह्या दिल्या होत्या. त्यांतील एक गृहस्थ शिक्षक होते.

त्या प्रकरणाचा शेवट मी आपणास गोड करून सांगणार नाही. बांधलेला बंधारा हलला नाही. चौकशी झाली, शेरे मारले गेले, आणि तीन वर्षांनी वस्तीच्या ओढ्यावर एक लहानसा मातीचा नालाबांध मंजूर झाला. त्या कामावर मात्र वस्तीतील दोन तरुण मोजपट्टी घेऊन रोज उभे राहिले.

कागद मागण्याचा अधिकार आपणास २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने दिला आहे. दहा रुपयांचा अर्ज. दारिद्र्यरेषेखालील माणसास तेवढेही नाहीत. उत्तर तीस दिवसांत. परंतु त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमातील एक तरतूद फारच थोड्यांनी वाचली आहे. नकला घेण्याबरोबरच काम प्रत्यक्ष तपासण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार तीत आहे. म्हणजे बंधाऱ्यात सिमेंट किती आणि वाळू किती, हे पाहण्याचा हक्क शेतमजुराच्या मुलासही आहे. कोणते कागद मागावे, तर अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, जागेचा नकाशा, मोजमाप पुस्तिका, आणि पूर्णत्वाचा दाखला; मजूर लावले असतील तर हजेरीपटही. सर्वांत आधी मोजमाप पुस्तिका मागा. पैसा तिच्यावरून निघतो, म्हणून खोटे लिहावयाचे झाल्यास ते तिथेच लिहावे लागते.

मोठ्या योजनांचीही गत निराळी नाही. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. भारताच्या महालेखापरीक्षकांचा त्यावरील अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळापुढे आला. ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढविण्यात योजनेस फारसे यश आले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर राजकीय पक्षांनी एकमेकांवर जे आरोप केले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले असतील. मला त्यांत रस नाही. माझा प्रश्न साधा आहे. महालेखापरीक्षकाचे पथक गावात येण्याच्या कितीतरी आधी त्या गावच्या ग्रामसभेस आपला बंधारा गळतो हे डोळ्यांनी दिसत होते. मग ते इतिवृत्तात का उतरले नाही? २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षणाचे काम कलम १७ अन्वये ग्रामसभेवरच सोपविले. पुष्कळ गावांत ते अंकेक्षण म्हणजे चहाचा एक कार्यक्रम होऊन बसले.

आता गायरानाविषयी. यात आपल्यावर थेट घाला आहे, म्हणून थोडे सावकाश ऐकावे. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावे, वर चर खणावेत, झाडे लावावीत, हे शास्त्र बरोबर आहे. परंतु माथ्यावरची ती पडीक जमीन पुष्कळदा गायरान असते, आणि गायरानाचा एखादा तुकडा आपल्याच माणसांनी दोन पिढ्या कसलेला असतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली जो भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तो अशाच जमिनींसाठी होता. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला खरा. पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांस अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांस जमीन दिलेली असेल तर तो अपवाद त्याच निकालात मान्य केला आहे. निकालाचा पहिला भाग गावात मोठ्याने वाचला जातो, दुसरा वाचला जात नाही. म्हणून ग्रामसभेत ‘गायरानावर चर व वृक्षलागवड’ असा विषय आला की गट क्रमांक विचारा, त्या गटात कोण कसतो ते इतिवृत्तात लिहून घ्या, आणि जुन्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे जपून ठेवा. दंडाची पावती हा आपल्या कसवणुकीचा पुरावा आहे. ती रागाने फाडून टाकणारी माणसे मी पाहिली आहेत.

नव्याने दीक्षा घेतलेल्यांस आणखी एक सांगतो. ‘तुम्ही बौद्ध झालात, आता तुमचे नाव या यादीत बसत नाही,’ असे कोणी म्हटल्यास त्यास १९९० ची दुरुस्ती दाखवा. तिने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश केला. विहिरीसाठी अनुदान देणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत तर ‘नवबौद्ध’ हा शब्दच लिहिलेला आहे.

मला ठाऊक आहे, आपल्यापैकी काहींच्या मनात काय आहे ते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, ते आपण सर्वांनी वाचले आहेत. आणि हा वकील आपणास त्याच खेड्याच्या सभेत जावयास सांगतो! बाबासाहेबांचा तो संशय मला आजही खरा वाटतो. पण १९३२ साली मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतीचे विधेयक आले तेव्हा त्यांनी अस्पृश्यांसाठी राखीव प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला होता, हेही विसरू नये. त्या जागा आज घटनेनेच दिल्या आहेत. गाव चांगले आहे म्हणून मी आपणास तेथे पाठवीत नाही. वही तेथे आहे, म्हणून पाठवितो.

पुढची ग्रामसभा जवळ आली आहे. पहिल्याच सभेस जा, तहकूब सभेची वाट पाहू नका. भगिनींनी स्त्रियांच्या सभेत आपल्या वस्तीच्या पाण्याचा ठराव मांडावा आणि तो मुख्य सभेत वाचून घ्यावा. घरी वही घेऊन कोणी आल्यास सही देऊ नका. माहितीच्या अर्जाचे छापील नमुने या व्यासपीठाशेजारच्या मेजावर ठेवले आहेत. गावागणिक दोन-दोन न्यावेत. ज्यांस गट क्रमांक ठाऊक नसेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्यापाशी थांबावे, मी नकाशे बरोबर आणले आहेत.